पाठ जाणणारा माणूस

मार्केट यार्डात अकरा वर्षं कांद्याबटाट्याची पोती वाहिल्यावर एका सकाळी उत्तरेश्वर कसबेची कंबर धरली ती सुटेचना. डावा पाय पोटरीपासून बधिर झाला. तीन महिने तो अंथरुणाला खिळून होता. दुखणं गेलं, पण डॉक्टरांनी निक्षून सांगितलं, "आता ओझं बंद. पुन्हा उचललंत तर सरळ ऑपरेशनलाच या."

छत्तिसाव्या वर्षी सातवी पास हमालाने करायचं काय? दुखण्यात त्याला व्यायाम शिकवणाऱ्या सोनालीबाई स्वारगेटजवळ मसाजचा सहा महिन्यांचा कोर्स घेत. त्याने त्यांनाच विचारलं, "मॅडम, मला शिकवाल का? पाठीचं दुखणं मला आतून ठाऊक हाय."

बाईंनी त्याला चष्म्यावरून न्याहाळलं. "आतून ठाऊक असून भागत नाही, बाहेरून सापडावं लागतं. सोमवारी या. नखं कापून या."

घरी बायको द्वारका भडकली. "यार्डात मान होता तुम्हाला. आता लोकांचे पाय चेपत फिरणार?" उत्तरेश्वर खाली मान घालून नखं कापत बसला.

वर्गात बारा मुली आणि हा एकटा बाप्या. हाताला घट्टे असे, की सरावाला पालथी झालेली पहिलीच मुलगी कळवळून उठली. "अहो, पोतं नाही, पाठ आहे ती," बाई म्हणाल्या. "गाडी सुटतेय का तुमची?" मग त्याने रोज कोमट पाण्यात हात भिजवून घट्टे घासून काढले. स्नायूंची इंग्रजी नावं देवनागरीत लिहून पाठ केली. चौथ्या महिन्यात बाई स्वतः टेबलावर पालथ्या झाल्या. अर्ध्या तासाने उठल्या, मान दोन्हीकडे फिरवून पाहिली आणि एवढंच म्हणाल्या, "चालेल." त्या दिवशी उत्तरेश्वर बसची वाट न बघता गुणगुणत घरी चालत गेला.

ते २००६ साल होतं. खराडीत नव्या इमारती उठत होत्या. तिथल्या एका आयटी कंपनीला दर शुक्रवारी कर्मचाऱ्यांच्या मानापाठी मोकळ्या करायला माणूस हवा होता. बाईंनी त्याचं नाव कळवलं. इस्त्रीचा शर्ट घालून तो वाघोलीच्या बसने गेला.

एचआरची नम्रता म्हणाली, "आमच्या दिग्विजय सरांना ट्रायल द्या. त्यांना आवडलं की फायनल."

दिग्विजय हा तिथला मॅनेजर. खुर्चीवर ओणवा होत म्हणाला, "कंबर जाम आहे. जोरात दाबा."

उत्तरेश्वरने अलगद हात ठेवला आणि थांबला. "साहेब, पायाला मुंग्या येतात?"

"महिनाभर येतायत. हल्ली तर चप्पल पायातून निसटते, कळतसुद्धा नाही."

उत्तरेश्वरने हात काढून घेतला. "मग मी दाबणार नाही. आधी डॉक्टरला दाखवा. आजच दाखवा."

"अहो, तुम्ही इंटरव्ह्यूला आलात ना?" नम्रता चकित झाली.

"आलोय की. पण दाबलं अन् पाय गेला, तर?"

"ग्रेट!" दिग्विजय उठला. "मसाजवाला मसाज करत नाही!"

परतताना बसमध्ये उत्तरेश्वरला रडू आवरेना. सोनालीबाईंनी सगळं ऐकून घेतलं. "नोकरी गेली बहुतेक," त्या म्हणाल्या. "पण माझा विद्यार्थी पास झाला."

अकराव्या दिवशी शेजारच्या दुकानात फोन आला. द्वारकाने घेतला. दिग्विजय स्वतः बोलत होता: मणक्यातली गादी सरकली होती, जोरात दाबलं असतं तर भारी पडलं असतं, असं डॉक्टर म्हणाले होते. "त्यांना सांगा, या शुक्रवारपासून या." वाटेत भेटेल त्याला ही बातमी सांगत द्वारका घरी आली.

शुक्रवारी बोर्डावर कागद लागला होता: उत्तरेश्वर कसबे, मसाज थेरपिस्ट. खाली नऊच नावं. पहिला आला अभिनव नावाचा पोरगेला इंजिनिअर. दहा मिनिटांनी उठला आणि साऱ्या मजल्याला ऐकू जाईल असा ओरडला, "अरे, मान वळतेय!" हशा पिकला. जेवणाच्या सुट्टीपर्यंत कागदावर एकतीस नावं झाली.

"जमेल का हो इतक्यांचं?" नम्रताने काळजीने विचारलं.

उत्तरेश्वरने बाह्या वर सारल्या. "आज जमंल. पण पुढच्या शुक्रवारी दोघं लागतील, मॅडम. माझ्या वर्गात मुक्ता म्हणून एक हुशार मुलगी हाय, तिला घेऊन येतो. चला, पुढचं नाव कुणाचं?"