कुपीच्या झाकणाला लागलेले

शोकाकुल माणसाला दिलासा देणे हे पुण्यकर्म खरे. परंतु तो दिलासा असत्याच्या हाताने द्यावा की नाही, हा प्रश्न भल्याभल्यांना कोड्यात टाकतो. थोरलीपुढे तो आला, तेव्हा आई प्रयोगशाळेच्या दाराशी येऊन उभी होती.

तिचा धाकटा भाऊ रक्ताच्या दुखण्याने गेला. जाण्यापूर्वी त्याने बहिणीच्या प्रयोगशाळेला आपल्या हाडांच्या मज्जेतल्या मूठभर पेशी दिल्या. सुई टोचून घेतानाही म्हणाला, "ताई, शाळेत मी नापासांचा राजा. आता इथे तरी पहिला नंबर काढतो बघ." त्या पेशी काचेच्या बशीत तगल्या होत्या त्या एका मानवी प्रथिनावर. सायटोकाइन त्याच्या जातीचे नाव. माणसाच्या शरीरात बनते तेच, पण जिवाणूंकडून घडवून घेतलेले आणि केवळ संशोधनासाठी विकले जाणारे. ते मिळाले नाही, तर पेशी भुकेने मरतात.

हे प्रथिन कुपीत कोरड्या भुकटीच्या रूपात येते, तीही इतकी अल्प की डोळ्यांना दिसत नाही. म्हणून कुपी उघडण्यापूर्वी सेंट्रिफ्यूज यंत्रात फिरवून भुकटी तळाशी बसवायची, हा पहिला धडा. थोरलीने तो कितीतरी नवशिक्यांना दिला होता. मात्र शेवटची कुपी हाती असताना आईचा फोन आला, "एकदा बघू दे गं मला, त्याचं काय उरलंय ते." डोळे भरून आले, आणि तिने कुपी न फिरवताच उघडली. झाकणाला चिकटलेले प्रथिन झाकणासकट कचऱ्यात गेले. भुकटी विरघळवायला कुपीत घातलेले नुसते पाणीच पेशींच्या वाट्याला आले. चूक उमगली तेव्हा बहुतेक पेशी काळवंडल्या होत्या. नवी कुपी यायला अवकाश होता, आणि आसपास कुणाकडे शिल्लक नव्हती. त्यातच आई दाराशी येऊन उभी राहिली.

शेजारच्या बाकावरच्या सहकाऱ्याला सारे 'वकील' म्हणत, कारण कुठल्याही पेचातून त्याला पळवाट सापडे. तो हळूच म्हणाला, "माझी बशी लाव. जिवंत पेशींनी भरलेली आहे. गोल, चकचकीत. काकूंना काय कळणार?"

"तिला नाही कळणार," थोरली म्हणाली, "मला कळेल ना!"

तरीही तिचा हात त्या बशीपर्यंत गेला, क्षणभर थबकला आणि रिकामाच परतला. तिने भावाचीच बशी सूक्ष्मदर्शकाखाली ठेवली.

आईने चष्मा कपाळावर चढवला आणि भिंगाला डोळा लावला. "दोन-तीनच चमकतायत गं."

"तेवढ्याच उरल्यात, आई. बाकीच्या माझ्या हलगर्जीपणाने गेल्या. त्यांचं खाणं मी सांडलं."

आईने मान वर केली. मग तिने विचारले, "उपाशी गेल्या?"

"हो."

वकिलाने मान फिरवली.  लेकीला आई ना रागे भरली, ना तिने तिची समजूत काढली. पुन्हा वाकून तिने त्या दोन-तीन ठिपक्यांकडे डोळे भरून पाहिले.

"दिवा मालव आता," ती म्हणाली. "त्यांच्या डोळ्यांवर येत असेल."

थोरलीने दिवा मालवला. दोघी एकाच स्टुलाच्या कडेला टेकून बसून राहिल्या.

त्या माउलीला निद्रा लाभो. लेकीच्या हाताला पुन्हा धीर येवो. आणि त्या काचेत जे अजून चमकत होते, त्याला यातनेविना शांती मिळो.