वाणाच्या वाटीवर झालेली सभा

मी एक जुनी सतरंजी आहे. लाल-निळ्या पट्ट्यांची, धुळ्याच्या मागावर विणलेली, अस्सल सुताची. दोन पावसाळ्यांत विटणाऱ्या आजकालच्या चटयांपैकी मी नव्हे, हे आधीच सांगून ठेवते.

मित्रांनो, मला अमळनेरजवळच्या एका गावातल्या बायकांनी घेतलं. व्यापारी आपली तूर मातीमोल नेतो, तर आपणच डाळ करू, म्हणून त्यांनी मिळून कंपनी काढली, गिरणी बसवली. घरोघर फिरून ती उभी केली चमेलीबाईंनी. शाळा दुसरीपर्यंत, पण जीभ अशी की तलाठीही पायरीवरूनच बोलायचा. पहिल्या सभेला कोणीतरी संचालक बायांसाठी खुर्च्या आणल्या. चमेलीबाईंनी त्या परत धाडल्या.

"खुर्चीवर बठनारीले खालनी बाई दिखत नही," म्हणाल्या.

मग सगळ्याच माझ्यावर बसल्या. आधी कोणाची तूर भरडायची यावरून अशी भांडणं व्हायची की माझे धागे ताठ व्हायचे. पण निकाल सर्वांसमोर लागायचा. तालुक्याचे साहेब येऊन माझ्यावर मांडी घालून चहा प्यायले, वाखाणून गेले.

पुढे हेमलता अध्यक्ष झाली. शिकलेली, गोड बोलणारी. सभा कमी झाल्या आणि मी कोपऱ्यात उंदरांच्या हवाली.

यंदा संक्रांतीनंतर मला एकाएकी झटकलं. वाटलं, सभा आहे. पाहते तर हळदीकुंकू. बायका नटून आल्या. प्रत्येकीला वाण म्हणून स्टीलची वाटी मिळाली, आणि वाटी पोचल्याची म्हणून प्रत्येकीने वहीत सही केली. पानाचा वरचा भाग दुमडलेला होता. सगळ्या गेल्यावर हेमलताने तो माझ्यावरच उलगडला. वर लिहिलं होतं, जादा सभा, आणि गिरणी वीस वर्षं हेमलताच्या भावाला चालवायला देण्यास सर्वांची मंजुरी.

चमेलीबाई विधवा. त्यांना हळदीकुंकवाला कोण बोलावणार? जाब विचारणारी गावात एकच बाई होती. तिला घरी बसवायला दाराला कडीही लावावी लागली नाही.

चार दिवसांनी फाटकावर रखवालदार बसला आणि सभासद बायकांची पोती बाहेर राहिली. चमेलीबाई तरातरा आत आल्या. हेमलता हात जोडून म्हणाली, "अक्का, सभा तं व्हयी गयी. बठ्ठास्न्या सह्या शेतस. तुमनी सूननीबी शे."

चमेलीबाईंनी वही ओढून घेतली. सून दिपमालाची सही होती, ठळक, वळणदार. अंगठा नको, नाव लिही, असं म्हणत त्यांनीच ती तिच्याकडून महिनाभर गिरवून घेतली होती.

"सही मीच शिकाडी तिले," त्या हळू म्हणाल्या. "वाचानं शिकाडं नही."

इतक्या हळू बोलताना मी त्यांना कधी ऐकलं नव्हतं.

मित्रांनो, फाटकावरची पाटी अजून बायकांच्याच नावाची आहे. सही करण्याआधी पान पुरतं उलगडायला लावा. सभेला किती जणी आल्या ते कोणीही मोजतं. कोणाला बोलावलं नाही, ते तुम्ही विचारा. मी विचारू शकत नाही. माझ्यावर आता हेमलताच्या भावाच्या तुरीची थप्पी लागली आहे.