रुमालाची निरगाठ

आठवडाभर तिच्या पायाला भिंगरी होती. रविवारी संध्याकाळी ती स्वयंपाकघरातल्या खुर्चीत टेकली, तेव्हा खुर्चीलाही नवल वाटलं असेल. चहाचा कप पुढे ठेवून तिने कमरेला खोचलेला मोठा सुती रुमाल काढला, मांडीवर पसरला आणि चहा घ्यायचा विसरून गेली. रुमालाला अजून एक गाठ होती.

पार्सल कचेरीत तीस वर्षं गठ्ठे बांधण्यात घालवलेली ही बाई कागदावर कधी काही टिपून ठेवत नसे. काम आलं की रुमालाच्या काठाला गाठ मारायची, काम झालं की सोडायची. डावीकडून सोमवार सुरू, उजव्या टोकाला रविवार. मैत्रिणी तिला पार्सलताई म्हणून चिडवत, पण आपली अडलेली कामं तिच्याच रुमालाला बांधून मोकळ्याही होत. कबूल केलेलं काम तिने आजवर एकदाही चुकवलं नव्हतं. याचा तिला गर्व होता, आणि तो लपवण्याच्या भानगडीत ती पडत नसे.

गाठ उजव्या टोकाला होती. म्हणजे आजचीच.

"कोणीतरी माझी वाट बघत बसलंय," ती स्वतःशीच म्हणाली. पण कोण, ते काही केल्या आठवेना.

तिने आठवडा पहिल्यापासून उलगडायला घेतला. सोमवारी सकाळी भांड्यांचा ढीग उपसला, दुपारी मैत्रिणीच्या घरी. मैत्रीण शाळेतली बाई, नुकतीच निवृत्त झालेली, लहान घरात राहायला निघालेली. तिच्या कपबश्या वर्तमानपत्रात गुंडाळता गुंडाळता दोघींनी जुन्या बातम्या वाचत दोन तास घालवले होते आणि गुंडाळल्या होत्या जेमतेम नऊ कपबश्या. मग मंगळवारी पुन्हा जावं लागलं, ते वेगळंच. गुडघ्याचं ऑपरेशन झालेल्या नणंदेकडे तर तीनदा जाणं झालं: एकदा डबा घेऊन, एकदा कंगवा घेऊन आणि एकदा नुसतं तिचं गाऱ्हाणं ऐकायला. गाद्या उन्हात टाकल्या, पाण्याची टाकी घासली. शेजारच्या नव्या बाळंतिणीला झोप मिळावी म्हणून तिचं बाळ तीन तास खांद्यावर घेऊन ती घरभर फिरली होती. तो खांदा अजून दुखत होता, पण दुखणं गोड होतं. बाळाच्या डोक्याचा वास तिला दोन दिवस पुरला होता.

सगळं झालेलं होतं. मग राहिलं कोण?

तिने मैत्रिणीला फोन लावला.

"तुझं काही काम राहिलंय का गं माझ्याकडून?"

"राहिलं असतं तर मी गप्प बसले असते का?" मैत्रीण म्हणाली. ते खरंच होतं.

मग नणंदेला.

"तू सकाळीच तर फोन केला होतास, वहिनी. तुझ्याकडून काही नाही राहिलं. तुझ्या नवऱ्याला मात्र सांग, बहिणीला गुडघे आहेत म्हणून."

"सांगते," म्हणून तिने फोन ठेवला आणि खिडकीतून पाहिलं. तो नवरा अंगणात गाडीची काच पुसत होता. तिच्या मोजणीने तिसऱ्यांदा. सारा जन्म बस चालवलेला माणूस. आता रस्त्यावरचे दिवे लागले की त्याला समोरचं सगळं पसरट दिसायचं. डॉक्टरांनी काही म्हणायच्या आधी त्यानेच ठरवलं, गाडी भाच्याला द्यायची. उद्या सकाळी भाचा न्यायला येणार होता. दुपारी दोरीवरचे कपडे काढायला बाहेर गेली तेव्हा ती त्याला बोललीही होती, "उद्या जायच्या गाडीला आज एवढं काय चोळताय?"

"असू दे," एवढंच तो म्हणाला होता.

इस्त्रीचा शर्ट घालून कोणी गाडी धुतं का, असं तेव्हा तिच्या मनात येऊन गेलं होतं. पण कपडे हातात होते, तेवढ्यात विचार निसटला.

ती रुमालाकडे वळली. वैतागून म्हणाली, निदान सोडून तरी टाकू. टोक ओढलं. सुटेना. नखाने उकरलं, दाताने धरलं, तरी ढिम्म. तेव्हा तिचे हात थांबले. ती नेहमी सुरगाठ मारायची, पार्सलावरची, एका ओढीत सुटणारी. ही होती निरगाठ, दोनदा आवळलेली. टपावरचं सामान वाटेत पडू नये म्हणून मारतात तशी. अशी गाठ घरात एकच माणूस मारतो.

आणि मग सोमवारची सकाळ तिच्यासमोर उभी राहिली. हात साबणात कोपरापर्यंत, खांदा आणि कानाच्या मध्ये फोन, त्यात मैत्रीण बोलतेय. मागून त्याचा आवाज, "भाच्याने न्यायच्या आधी रविवारी एक चक्कर मारू या का गाडीतून? दोघंच." आणि तिने मागे न बघता सांगितलं होतं, "हो हो. रुमालाला गाठ मारा तेवढी, माझे हात अडकलेत."

रुमाल कमरेला खोचत ती उठली. चपलाही उलट्यासुलट्या घातल्या. बाहेर ऊन उतरलं होतं, भिंतीवर एक पट्टा तेवढा शिल्लक होता.

"अहो, बोलला का नाहीत? दिवसभर नुसती काच पुसताय."

"तू गाठ मारायला सांगितलीस. मारली." त्याने फडकं पिळलं. "म्हटलं, येईल नंबर."

तो रागाने म्हणाला असता तर तिला सोपं गेलं असतं. राग नव्हताच. आठवडाभर ती ज्याच्या त्याच्या दारी धावली आणि आपल्या दारात एक माणूस शर्टाला इस्त्री करून रांगेत उभा होता. तिला फार वाईट वाटलं. ते तिने बोलून दाखवलं, तर तो म्हणाला, "बस आधी. उजेड जातोय."

ती त्याच्या शेजारी बसली. तो हळू निघाला, दोन्ही हात चाकावर, पूर्वी बसमध्ये बसायचा तसा ताठ. बेकरी मागे पडली, शाळा मागे पडली. तिने काही म्हणजे काही बोलायचं नाही असं ठरवलं आणि चक्क ते पाळलं. वळणावर त्याने हात बाहेर काढून मागच्या सायकलवाल्याला पुढे जा म्हणून खुणावलं, तेव्हा तो तिला लग्नाच्या वर्षीचा दिसला.

मोठ्या रस्त्याच्या तोंडाशी दिवे लागले. त्याने गाडी कडेला घेतली, बंद केली, किल्ली काढली.

"बास. इथून पुढे मला नाही दिसत."

"आणि गाडी?"

"भाच्याला सांगू, इथून ने."

तिला हसू आलं, मग त्यालाही. चांगली धुऊन पुसून ठेवलेली गाडी अशी रस्त्याच्या कडेला सोडून दोघं परत निघाली. अंधार वाढला तसा त्याचा पाय अडखळायला लागला. एरवी कोणी हात धरलेला त्याला चालत नसे. आज तिने त्याच्या काखेत हात घातला, आणि त्याने तो राहू दिला.

"खड्डा आहे," ती म्हणायची. "आता पायरी." तो तिच्या शब्दावर पाऊल टाकायचा.

दाराशी आल्यावर तो म्हणाला, "पुढच्या रविवारी असंच चालत जाऊ. जरा लवकर."

"जाऊ," ती म्हणाली.

त्याने अंधारात तिच्या कमरेचा रुमाल चाचपला. तिने त्याचा हात बाजूला केला.

"थांबा. या वेळी मी मारते."