उसाच्या फडातली टोपली

मित्रांनो, मला पाहून तुम्ही नाक मुरडाल. माझा रंग उडाला आहे, एका बाजूची कड उसवली आहे. पण मी काही बाजारातली प्लास्टिकची पाटी नव्हे! शिरूर कासारच्या माळावर मेंढरं राखता राखता दगडाबाईने मला विणले. गवताची जुडी गोल गोल वळायची आणि प्रत्येक फेरा खालच्या फेऱ्याला शिंदीच्या ओल्या पातीने शिवायचा. बाई मोठी हट्टी. एक टाका सैल पडला तरी सगळा फेरा उसवायची. बायका कौतुक करू लागल्या की मी फुगून जायचे.

तिची लेक योगिता ऊसतोडीला निघाली तेव्हा कडेवर अंगद होता, अजून दातही न आलेला. दगडाबाई म्हणाली, "लेकराला हिच्यात निजव. माती लागायची न्हाई."

फडात सावली फक्त उभ्या उसाची. योगिता मला त्या सावलीत ठेवायची आणि तोडायला लागायची. म्हणजे लेकराची सावली ती स्वतःच कोयत्याने तोडत जायची. म्हणून मध्येच येऊन मला उचलायची आणि पुन्हा उभ्या उसाशी ठेवायची. तिला पाहून अंगद हसायचा. मला तो फार आवडायचा.

होळीनंतर ऊन तापले. एका दुपारी ट्रॅक्टर लवकर आला. तिचा नवरा सोमनाथ ओरडला, "योगे, मोळ्या दे लवकर! डायवर थांबंना!" योगिता धावली. तिला वाटले, शेजारी तोडणारी तिची जाऊ वनमाला टोपली हलवेल. वनमालाला वाटले, आईने हलवलीच असेल. इकडे ऊन माझ्यावर आले. अंगद खूप रडला, मग गप्प झाला. ट्रॅक्टरच्या आवाजात कोणाला काही ऐकू गेले नाही. मित्रांनो, मला पाय नाहीत.

दवाखान्यात पोचण्याआधीच अंगद गेला.

माहेरी दगडाबाई मला चुलीत घालायला निघाली. योगिताने मला तिच्या हातातून ओढून घेतले. "न्हाई माय. त्याच्या अंगाचा वास हाय हिला." त्यानंतर दगडाबाईने गवताला हात लावला नाही.

यंदा योगिता पुन्हा फडात आली आहे. माझ्यात आता वनमालाची तान्ही मुलगी निजते. दुसरी टोपली कोण विणणार?

मला जपा असे मी म्हणत नाही. पण रस्त्याने जाताना तोडलेल्या रानात उन्हात टोपली दिसली, तर गाडी थांबवा आणि आधी आत बघा.