प्रूइटला ठेवायचं की द्यायचं

“प्रूइटला देऊन टाका म्हणणाऱ्याला आज माझ्या हातचा मासा मिळणार नाही,” मी कढईवरूनच जाहीर केलं.

“मग आज बरेच मासे उरणार, गस,” खिडकीपाशी ताटं भरणारी अ‍ॅग्नेस म्हणाली. “आणि उरलेले सगळे फादर तुलाच खायला लावणार.”

बाहेर रांगेत हशा पिकला. ईस्टरआधीच्या चाळीस दिवसांत आमच्या गावात शुक्रवारी कुणी मांस खात नाही. सगळे सेंट सिरिल चर्चच्या तळघरात येतात आणि तळलेला मासा खातात. गेली एकोणीस वर्षं तो मासा मी तळतोय. त्याआधी आणि त्याबरोबर एकतीस वर्षं गावाच्या पाणीपुरवठ्याचे पंप दुरुस्त करत होतो. त्या पंपांबद्दल कुणी कधी ‘वा’ म्हटलं नाही. मासा मात्र लोकांना आवडतो.

त्या शुक्रवारी सगळ्यांच्या तोंडी एकच विषय होता. आपली व्यावसायिक अमेरिकन फुटबॉलची टीम प्रूइटला फिनिक्सच्या टीमला देऊन त्याच्या बदल्यात कॅल्डवेलला आणणार, अशी बातमी होती. प्रूइट अडवणारा. समोरचा गडी चेंडू छातीशी धरून निघाला की त्याला आडवा करायचा, हे काम त्याने नऊ वर्षं केलं. कॅल्डवेल झेलणारा. लांबून फेकलेला चेंडू पळता पळता हवेत झेलायचा आणि मग दोन्ही हात पसरून लोकांकडे बघायचं, हे त्याचं काम. फादर पाल्कोंनी खिडकीच्या कट्ट्यावर काकडीच्या लोणच्याच्या दोन रिकाम्या बरण्या ठेवल्या होत्या. एकीवर ‘ठेवा’, दुसरीवर ‘द्या’. ताट घेतलं की कुपनाचा उरलेला तुकडा यातल्या एकीत टाकायचा. पाहुण्यांची कुपनं लाल, आम्हा स्वयंपाकघरातल्यांची निळी.

माझा निळा तुकडा खिशात होता. तो कुठे जाणार हे सांगायची गरज नव्हती.

गरज नव्हती, कारण त्या खिडकीच्या बरोबर वर तो फोटो आहे. नोव्हेंबर १९८३. आमच्या शाळेची टीम, शेवटचे तीन सेकंद, आणि हवेत आडवा झालेला लेनी टोमको, बोटांच्या टोकांवर चेंडू. गावातल्या प्रत्येक दारूच्या दुकानात, न्हाव्याकडे, बँकेत हाच फोटो आहे. मी त्यात नाही. आमच्या खेळात अडवणारे आणि झेलणारे एका वेळी मैदानात नसतात. अडवणाऱ्यांनी चेंडू सोडवून आणायचा आणि बाकावर जाऊन बसायचं. चाळीस सेकंद उरले असताना, आम्ही मागे असताना, त्यांच्या सगळ्यात दांडग्या गड्याला मी असा धडकलो की चेंडू त्याच्या हातातून उडाला आणि आमच्याकडे आला. त्याच धडकेत माझ्या उजव्या गुडघ्यात काहीतरी तुटलं. मी लंगडत बाहेर आलो आणि लेनी आत गेला. आयत्या पिठावर रेघोट्या, दुसरं काय. फोटोच्या डाव्या कडेला कुणाचं तरी अर्धं कोपर दिसतं. ते माझं आहे. रोझान म्हणते ते खेळाडूंना पाणी देणाऱ्या बादलीवाल्याचं आहे.

रोझान माझी बायको. लग्नाला चौतीस वर्षं झाली. त्याआधी, शाळेच्या शेवटच्या वर्षी, ती लेनीबरोबर नाचाला गेली होती. एकदाच. “तू विचारलं नाहीस म्हणून,” असं ती म्हणते, आणि ते खरं आहे.

लेनी मध्ये तीसेक वर्षं फ्लोरिडात होता. बायको वारली तसा गेल्या उन्हाळ्यात परत आला. आला तो सरळ गुरुवारच्या बायकांमध्ये जाऊन बसला. गुरुवारी सकाळी बायका शुक्रवारचे पिरोही करतात, म्हणजे पिठाच्या पारीत बटाटा आणि चीज भरून कडा मुरडतात. आजवर त्या टेबलाशी पुरुष बसला नव्हता. हा बसला, रोझानच्या शेजारी. आणि तिने त्याला मुरड घालायला शिकवली. मला चौतीस वर्षांत नाही शिकवली. मी कधी विचारलं नाही हे खरं, पण शिकवली नाही हेही खरं.

माझ्या पोटात दुखत होतं. कबूल करतो. माणूस अठ्ठावन्नाव्या वर्षी एवढ्यासाठी जळतो का? जळतो. लेनी तळघराचा जिना दोन-दोन पायऱ्या घेत उतरतो. मी कठडा धरून, तिरका होऊन, उजवा पाय आधी, मग डावा त्याच्याशेजारी, असा एकेक पायरी उतरतो. आणि बुटांच्या नाड्या मला बांधता येत नाहीत. गुडघा वाकत नाही आणि कंबर ऐकत नाही. रोझान त्या रोज बांधते. चर्चला यायच्या दिवशी गाडीतच पुन्हा एकदा घट्ट करते, म्हणजे लोकांसमोर वेळ यायला नको. तिने एकदा चिकटपट्टीचे बूट आणले होते. ते मी पेटीतच ठेवले आहेत. तसले बूट म्हातारे घालतात.

तर त्या शुक्रवारी साडेपाचच्या सुमाराला माझी उजवी नाडी सुटली. खाली तेलाने फरशी निसरडी झालेली. मी रोझानकडे पाहिलं. ती पलीकडच्या टेबलाशी पिरोहींवर लोणी सोडत होती आणि लेनीच्या कुठल्याशा बोलण्यावर हसत होती. तोंडावर हात ठेवून, डोळे मिटून, अशी. माझ्यापुढे ती अशी शेवटची कधी हसली ते मी आठवून पाहिलं. आठवलं नाही. मग मी तिला हाक मारली नाही. नाडी तशीच ठेवून तळत राहिलो.

एवढ्यात रांगेतून म्हातारे हॉर्न्याक ओरडले, “अरे लेनी, तू सांग. तू तर झेलणारा. कॅल्डवेलला आणावं ना?”

लेनी हाताचं पीठ झटकत खिडकीपाशी आला. सगळे गप्प झाले. तो बोलायला लागला की होतात.

“झेलणारे काय, पैशाला पासरी मिळतात,” तो म्हणाला. “चेंडू आधी कुणीतरी सोडवून आणावा लागतो. तो फोटो बघता ना? त्यात हा गस पाहिजे होता. त्या दिवशी याने त्या रेड्याला पाडलं नसतं तर मी काय हवा झेलली असती? प्रूइटला ठेवा. अडवणाऱ्याला कधी सोडू नये.” आणि त्याने आपला निळा तुकडा ‘ठेवा’च्या बरणीत टाकला.

टाळ्या पडल्या. म्हाताऱ्या हॉर्न्याकांनी डोळे पुसले. “किती मोठं मन आहे याचं,” अ‍ॅग्नेस म्हणाली. तीन जणांनी त्याच्या पाठीवर थाप मारली. चाळीस वर्षं जे कुणीतरी म्हणावं म्हणून मी वाट बघत होतो, ते शेवटी म्हटलं गेलं, आणि म्हटलं त्याने, आणि टाळ्याही त्यालाच. माझ्या अंगाचा तिळपापड झाला. मी मासा उलटला.

त्याच वेळी रोझानने हात पुसले, ती कट्ट्याशी आली, खिशातून तिचा निळा तुकडा काढला आणि ‘द्या’च्या बरणीत टाकला. घाईने नाही. पत्र टाकावं तसा. माझ्याकडे तिने पाहिलंही नाही.

अ‍ॅग्नेसने पाहिलं. “अगं बाई, रोझान. घरात भांडण लावतेस का?”

“माझं मत आहे,” रोझान म्हणाली आणि परत पिरोहींकडे गेली.

त्यानंतरचे मासे मी कसे तळले मला ठाऊक नाही. अडवणारा द्या, झेलणारा आणा. हेच तिला चौतीस वर्षं वाटत होतं तर. आता झेलणारा परत आला होता, शेजारीच बसला होता, आणि मुरडही छान घालत होता.

“गस.” लेनी कढईपाशी आला होता. “नाडी सुटलीय तुझी. खाली तेल आहे, पडशील.” आणि मी काही म्हणायच्या आत तो खाली बसला. सहज. दोन्ही गुडघ्यांवर, शाळकरी पोरासारखा. त्याचे गुडघे अजून वाकत होते. खिडकीबाहेरची रांग बघत होती.

“ऊठ,” मी म्हणालो.

“अरे, एक मिनिट—”

“ऊठ म्हणतो ना.”

मी मागे सरलो तो नाडीवरच पाय पडला. तोल सावरताना कोपर परातीला लागलं आणि पीठ लावून ठेवलेले सगळे तुकडे फरशीवर गेले. लेनी तसाच खाली बसलेला, हात अर्धवट पुढे.

रोझान आली. माशांकडे तिने बघितलं नाही. “लेनी, बाहेर लिंबं संपलीत. बघ जरा,” ती म्हणाली. तो गेला. मग तिने ओट्याखालच्या कपाटाचं दार पूर्ण उघडलं, काहीतरी शोधतेय असं दाखवत त्या दाराआड बसली आणि माझी नाडी बांधली. खिडकीतून कुणालाही ते दिसलं नसतं. उठताना तिने कपाटातून एक झाकण काढून हातात घेतलं, म्हणजे काहीतरी काढायलाच बसली होती असं वाटावं. त्या झाकणाचं भांडं आमच्या तळघरात नाही.

साडेसातला फादरांनी बरण्या मोजल्या. ‘ठेवा’ भरघोस मतांनी जिंकलं. ‘द्या’च्या बरणीत लाल तुकडे होते आणि एक निळा.

गाडीत मी किल्ली फिरवली नाही.

“लेनीसाठी टाकलंस,” मी म्हणालो.

“काय?”

“मत. त्याच्यासाठी टाकलंस.”

ती माझ्याकडे बघत राहिली. “लेनीने ‘ठेवा’त टाकलं. मी ‘द्या’त टाकलं. मग लेनीसाठी कसं?”

“झेलणारा पाहिजे तुला.”

“गस, तुला वेड लागलंय का रे? तो चांगला माणूस आहे. घरी जाऊन एकटा सूप गरम करतो, म्हणून मी त्याच्याशी बोलते. हसते, कारण तो त्याच्या हातचा पिरोही फुटला की त्याची माफी मागतो. पिरोहीची.” मग समोरच्या काचेकडे बघत म्हणाली, “मला झेलणाऱ्याचं काही पडलेलं नाही. त्या कॅल्डवेलचं तोंडही मला माहीत नाही. मी प्रूइटसाठी टाकलं.”

“त्याला हाकलायला?”

“सोडायला. नऊ वर्षं झाली त्याला इथे. डिसेंबरात ती जमीन दगडासारखी होते, तिच्यावर तो आपटतोय. मागच्या वर्षी मैदानातून बाहेर येताना पाहिलंस का त्याला? तू गुणफलक बघत होतास. मी त्याचा पाय बघत होते. तिकडे फिनिक्सला ऊन असतं.”

“तिकडेही त्याला आपटवणारच.”

“आपटवू देत. उन्हात आपटू दे.” तिने सीटबेल्ट ओढून लावला. “लोक म्हणतात ठेवा, ठेवा. टाळ्या वाजवून घरी जातात. ठेवून घेतलेल्या माणसाचे बूट कोण बांधतं, ते मला विचारा म्हणावं.”

लाज वाटत होती, आणि खरं सांगायचं तर थोडं बरंही वाटत होतं. माझ्या खिशातला निळा तुकडा बरणीत टाकायचा राहून गेला होता. तो मी बोटांनी चुरगळत होतो. मग गाडी सुरू केली.

सोमवारी सकाळी बातमी आली. गावाने काय ठरवलं ते टीमला कुणी कळवलं नव्हतं. प्रूइट गेला, कॅल्डवेल आला. मी स्वयंपाकघरातल्या खुर्चीवर बसलो होतो, टीव्ही समोर. रोझान माझ्या पायाशी बसून डावी नाडी बांधत होती, टीव्हीकडे पाठ करून. वरून तिचा भांग दिसत होता. तो आता सगळा पांढरा आहे.

पडद्यावर फिनिक्सचा विमानतळ होता. ऊन इतकं की कॅमेऱ्याला दिसेना. विमानाचं दार उघडलं आणि प्रूइट बाहेर आला. खाली टीमची माणसं टोप्या घेऊन उभी होती. त्याने हात हलवला. मग कठडा धरला, तिरका झाला, उजवा पाय खाली टाकला, आणि डावा त्याच्याशेजारी आणून ठेवला. मग पुढची पायरी. एकतीस वर्षांचा माणूस.

“पोचला का?” रोझानने विचारलं. तिने गाठ ओढली, वर आणखी एक गाठ मारली.

“पोचला.”

“ऊन आहे?”

“भरपूर.”

“कसा उतरला?”

तो अजून अर्ध्या जिन्यावर होता. मी हात लांब करून टीव्ही बंद केला.

“धावत,” मी म्हणालो, आणि उजवा पाय पुढे केला.