उद्दिष्टांचा रकाना

शिवरामकाकांनी एकतीस वर्षं सरकारी कचेरीत इतरांचे गोपनीय अहवाल लिहिले. सही साहेबांची, मजकूर काकांचा. माणूस कसाही असो, ते 'काम समाधानकारक' असंच लिहायचे. समाधानकारक म्हणजे माणूस जागेवर बसलेला दिसतो, त्याहून जास्त काही नाही, असं ते निवृत्तीनंतर मोकळेपणाने सांगत. पुढे दोनच वर्षांत त्यांच्या स्वतःच्या मूत्रपिंडांचं काम असमाधानकारक झालं आणि मंगळ-गुरु-शनि सानपाड्याहून नेरूळच्या एका खासगी इस्पितळात डायलिसिसला जाणं आलं. पलंग नंबर चार, सकाळी सात.

"नोकरीत एवढी हजेरी लावली असती तर साहेब झालो असतो," ते बायकोला म्हणत. सुमित्राबाई हसत नसत. दिवसाचं पाणी पेल्याने मोजून द्यायचं काम त्यांच्याकडे होतं, आणि त्या कामात हसू येत नाही.

डायलिसिससाठी काकांच्या डाव्या हातातली एक नस ऑपरेशन करून जाड केली होती. दर खेपेला तिच्यात दोन दणकट सुया घालायच्या. पण काकांची नस वाकडी. कुणाच्या हाताला लागायची नाही. लागायची ती फक्त अक्षता सिस्टरला. अक्षता परभणीकडची, पाच वर्षं याच विभागात. ती नसेवर बोट ठेवायची आणि विचारायची, "काका, नातवाचं नाव काय ठेवलं?" काकांना नातू नव्हता. पण काय उत्तर द्यावं याचा विचार होईपर्यंत सुई आत गेलेली असायची.

मार्चमधल्या एका गुरुवारी ती एक फॉर्म घेऊन त्यांच्या पलंगाशी स्टुलावर बसली.

"काका, तुम्ही ऑफिसातले. जरा बघा ना हे."

फॉर्म कर्मचाऱ्यांच्या वार्षिक मूल्यमापनाचा होता. शेवटचा रकाना मोठा होता: येत्या पाच वर्षांत तुम्ही स्वतःला कुठे पाहता?

"मागच्या वर्षी काय लिहिलंस?"

"आहे त्याच विभागात काम करत राहणार."

"त्याच्या आदल्या वर्षी?"

"तेच की."

"अगं, उद्दिष्ट आहे का हे? हा तर पत्ता झाला."

पलीकडच्या पलंगाचं मशीन लावत असलेली टेक्निशियन सोनल ऐकतच होती. "काका, तिला विचारा ना, ती शिकायची सीट का नाही मागत. हॉस्पिटल दरवर्षी एका सिस्टरला दोन वर्षं डिग्रीला पाठवतं, फुल पगारी. हिला तर कॉलेजात शिकवायचंय, टीचर व्हायचंय. पण लिमिट तिशीचं. ऑगस्टमध्ये ही तीस होणार. म्हणजे लास्ट चान्स."

"मग अडलंय कुठे?"

"तुमच्या हातात," सोनल म्हणाली. "हे खरंच सांगते, जोक नाही."

"सोनल, गप की जरा," अक्षता म्हणाली.

काकांना तेव्हा आठवलं. दोन वर्षांपूर्वी अक्षता बहिणीच्या लग्नाला आठ दिवस गेली होती. ती परत आली तेव्हा काकांचा हात कोपरापर्यंत काळानिळा. तेव्हापासून तिने दोन दिवसांपेक्षा जास्त रजा घेतली नव्हती आणि काका इतके दिवस समजत होते की पोरीला घरची ओढच नाही.

त्यांनी तिथल्या तिथे मजकूर सांगितला आणि तिने तो लिहिला: पदवी घेऊन नर्सिंगच्या विद्यार्थिनींना शिकवणार. पण शनिवारी बघतात तर फॉर्म तिच्या खिशातच.

"देते की, काका. आधी तुमच्या हाताचं कोण बघेल ते ठरू द्या."

काका घरी गेले आणि विचार करत बसले. माणूस आपणहून हलत नसेल तर त्याला वरून हलवावा लागतो, आणि वरून हलवायला कागद लागतो. ही त्यांची एकतीस वर्षांची कमाई. मंगळवारी त्यांनी रुग्णांच्या अभिप्राय-पेटीत एक कागद टाकला. सिस्टर अक्षता यांचा हात जड असून सदर रुग्णास वेदना होतात, तरी उपरोक्त कर्मचाऱ्याची नेमणूक पलंग क्रमांक चारवर करू नये.

त्यांच्या कचेरीत तक्रार एका टेबलावरून दुसऱ्या टेबलावर जायला तीन वर्षं लागत, आणि तिच्यामुळे फार तर माणसाची खुर्ची बदले. त्यांना तेवढंच हवं होतं. सुया सोनल घालेल, थोडं दुखेल, अक्षता मोकळी होईल.

खासगी इस्पितळात तक्रार दोन दिवसांत पोचते. गुरुवारी पलंगाशी सोनल उभी होती. तीन वेळा टोचलं तेव्हा नस लागली. "सॉरी काका," ती दर वेळी म्हणत होती आणि काका दर वेळी "छान, छान" म्हणत होते. लांबून अक्षता बघत होती. संध्याकाळी तिने फॉर्म दिला. सोनलकडून हे कळल्यावर काकांनी घरी सुमित्राबाईंकडे अर्धा पेला पाणी जास्त मागितलं. मिळालं नाही.

तीन आठवड्यांनी सोनलनेच सांगितलं, की सीट दुसऱ्या मजल्यावरच्या एका सिस्टरला गेली. अक्षताच्या फाइलमध्ये पेशंटची तक्रार निघाली.

काका तसेच, हाताची पट्टी न सोडता, कर्मचारी विभागात गेले. तिथे वैदेही नावाची मुलगी बसायची. फार गोड बोलायची.

"अंकल, तक्रार मागे घेता येत नाही. ती फक्त क्लोज होते. आम्ही ॲक्शन घेऊन क्लोज केली ना."

"पण ती खोटी होती. मीच लिहिली होती."

"असं म्हणू नका अंकल. मग स्टाफने पेशंटवर प्रेशर टाकलं असं होईल. ते तिला जास्त जड जाईल."

कागदावर आहे तेच खरं, हे काकांनी स्वतः निदान दोनशे माणसांना ऐकवलं होतं. अशाच गोड आवाजात.

शनिवारी पलंगाशी अक्षता आली. तक्रार मिटली, त्यामुळे तिची जागाही तिला परत मिळाली होती. मधे तिला रुग्णांशी हळुवार कसं वागावं याचं अर्ध्या दिवसाचं प्रशिक्षण देण्यात आलं होतं.

"अक्षता, तो कागद..."

"माहीत आहे, काका. 'सदर' आणि 'उपरोक्त' या इमारतीत दुसरं कोण लिहितं?"

"कधी कळलं?"

"पहिल्याच दिवशी. आमच्या विभागाच्या मॅडमनी वाचून दाखवला."

"मग सांगायचं ना, की म्हातारा खोटं बोलतोय."

"का बोलतोय, ते विचारलं असतं. त्यांना काय सांगणार होते मी?" तिने काकांचा काळा पडलेला हात उलटा-सुलटा करून पाहिला. मग नसेवर बोट ठेवलं. नातवाचं काही विचारलं नाही. बराच वेळ बोट तसंच राहिलं.

"काका, एक विचारू? खरं सांगा. जड आहे का हो माझा हात? थोडा तरी?"

"नाही गं. अजिबात नाही. शपथेवर सांगतो."

"लिहिताना तर फार खरं लिहिलंय हो तुम्ही."

काकांनी आयुष्यात लिहिलेल्या मजकुराचं एवढं कौतुक कुणी केलं नव्हतं.

तिने सुई घेतली. हात किंचित थांबला, पुन्हा पुढे झाला, आणि नसेच्या बाजूला कातडीखाली फुगवटा आला. पाच वर्षांत तिची सुई पहिल्यांदा चुकली.

"लागलं?"

"नाही," काका छताकडे बघत म्हणाले. "कळलंसुद्धा नाही."

तिने सुई काढली, कापसाचा बोळा दाबून धरला आणि सोनलला हाक मारली.