पिंजरे खाली सोडा!

“आले! आले!” धक्क्यावर एकच गलका झाला. काठच्या गुडघाभर पाण्यात मासे, खेकडे, कोळंबी यांची नुसती दाटी. हाताने उचला, पळतसुद्धा नव्हते! “उद्या दर्याची लेकरं माझ्या दर्शनाला येतील,” असं धक्क्यावर आसन मांडून बसलेल्या दर्याबाबांनी कालच सांगितलं होतं. मग काय, लोक त्यांच्या पायांवर लोळायला लागले.

पिंजरेवालीचा जीव मात्र टांगणीला लागला होता. पिंजऱ्यात वर्षभर वाढवलेले तिचे मासे तोंडं वासून वर घुटमळत होते. नवरा अंथरुणाला खिळलेला, घर चालायचं ते या माशांवर.

“पिंजरे तळाला सोडा!” बाबा गरजले. “दर्या त्यांना पोटाशी धरील!”

ऊन तापलं की पिंजरे खाली सोडायचे, ही धक्क्यावरची नेहमीचीच रीत. त्यामुळे कुणाला शंका आली नाही. तिनेही कप्पीचा दोर सैल केला; पिंजरा हातभर खाली गेला.

“वहिनी, थांब!” शाळेत विज्ञान शिकवणारी तिची नणंद धापा टाकत आली.

“अगं, मरतायत ते!”

“खाली सोडलेस तर एकही वाचणार नाही.”

बूच लावलेली, दगड बांधलेली बरणी नणंदेने तळाला सोडली, दोरीने बूच उपटलं आणि भरलेली बरणी वर ओढली. दुसरीत वरचं पाणी घेतलं. दोन्हींत एकेक मासा टाकला. तळच्या पाण्यातला मासा बघता बघता कलंडला.

“सलग चार दिवस जमिनीकडून वारा आहे. त्याने वरचं पाणी आत खोल दर्यात लोटलं, तळाचं गार पाणी काठाकडे सरकलं. त्यात प्राणवायू नाही, म्हणून मासे त्याच्यापुढे जीव घेऊन इकडे उथळ पाण्यात पळाले. समुद्र तापतोय, हे आता वरचेवर होणार.”

“मग बाबांना आधी कसं कळलं?” कुणीतरी विचारलं.

बाबांच्या आसनामागून पाण्यात गेलेला दोर नणंदेने खेचला. टोकाला तापमापक!

“तळाचं पाणी गार पडलं की मासे काठाला येतात, एवढं हेरून यांना साक्षात्कार होतो. पण त्यात श्वास घेता येत नाही, हे बिचाऱ्यांना ठाऊकच नव्हतं.”

“कोप होईल!” बाबा किंचाळले.

“होऊ दे!” पिंजरेवालीने दात-ओठ खात दोर ओढला. पिंजरा हातभर वर आला. तिचं बघून बाकीचेही आपापल्या दोरांकडे धावले. दोराने सोललेले तळहात तिने बाबांपुढे धरले.

“माझी चूल तुमच्या आज्ञेवर पेटत नाही, बाबा. यापुढे कुणीही काहीही सांगो, आम्ही आधी पाणी तपासणार.”